गाठ सुटली, अक्षरे अडकली

एका स्नेह्यांनी आम्हांस एक सीडी दिली. तीत एका बंद पडलेल्या अनियतकालिकाचे अंक एकाच फाइलीत बांधलेले होते. फाइलीच्या नावाला 'टार' आणि 'जीझेड' अशी दोन शेपटे. आमच्या जुन्या विंडोजने तिला ओळखच दाखवली नाही. सेव्हन-झिपने ती उघडली, तर आतून आणखी एकच फाइल निघाली. फाइल बिघडलेली आहे असे आम्ही ठरवून टाकले. अज्ञान आमचे होते.

युनिक्समध्ये बांधणे आणि दाबणे ही निराळी कामे. 'टार' म्हणजे टेप अर्काइव्ह. १९७९ च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेला हा प्रोग्रॅम फाइली चुंबकीय फितीवर एकामागून एक रचण्यासाठी होता. प्रत्येक फाइलीआधी ५१२ बाइटांची एक चिठ्ठी; तीवर नाव, आकार, तारीख. आकार लहान करणे हे त्याचे कामच नव्हे. ते १९९२ साली आलेल्या जीझिपचे. म्हणून आधी दाब काढायचा, मग गाठ सोडायची. २०२३ पासून विंडोज ११ ही गाठोडी स्वतःच उघडू लागले आहे.

चार दशकांपूर्वीची ही रीत आजही चालते, कारण तिची रचना सर्वांसाठी जाहीर आहे. कोणीही ती वाचून गाठ सोडणारा नवा प्रोग्रॅम लिहू शकतो.

आमचीही गाठ अखेर सुटली. आत मात्र मराठी नव्हते. रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा कचरा होता. रोमन अक्षरांच्या जागी मराठी वळणे बसवणाऱ्या कुठल्याशा फॉन्टात तो मजकूर टंकलेला. साध्या मजकुराच्या फाइली. फॉन्टचे नावही नोंदलेले नाही. देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे, तरी आपली छपाई पुढे कित्येक वर्षे अशाच फॉन्टांवर चालली.

'पीडीएफ आहे ना!' असे संपादक म्हणतात. अशा फॉन्टातली पीडीएफ डोळ्यांना दिसते, पण तीत कवीचे नाव शोधू जावे तर सहसा सापडत नाही.

परक्यांनी फितीसाठी बांधलेले गाठोडे टिकले आणि आपण त्यात ठेवलेले आपले शब्द हरवले, याची खंत साहित्यिकांना वाटायला हवी. हे काम तंत्रज्ञांवर ढकलण्याजोगे नाही. ज्यांच्याकडे जुन्या अंकांच्या फाइली आहेत, त्यांनी वापरलेल्या फॉन्टचे नाव आजच लिहून ठेवावे आणि मजकूर युनिकोडमध्ये आणावा. तो फॉन्ट ओळखणारा अक्षरजुळणीकार अजून भेटू शकतो, तोवरच हे सोपे आहे.