वाटेवरची शेगडी

बाबांच्या ट्रकातली गॅसची हिरवी टाकी अजून माझ्याकडे आहे. गुडघ्याच्या जरा खाली येईल एवढी उंची, डोक्यावर थेट बर्नर आणि भांडं ठेवायला तीन दांड्यांची लोखंडी कडी. तळाशी गंज धरलाय. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात ती गाडीत टाकून मी यवतमाळच्या बाजारात गेलो. स्टोव्ह-शेगड्या दुरुस्त करणारे एक काका तिथे वर्षानुवर्षं बसतात. त्यांनी टाकी हातात घेतली, उलटी केली, तळावर नख घासलं आणि खाली ठेवली.

“भरणं बंद केलं आता.”

“दुसरीकडे मिळेल?”

“मिळंल बी. पण तुमी जाऊ नका.”

आम्हा नवराबायकोकडे एक जुनी व्हॅन आहे. मागच्या सीटा काढून फळीचा पलंग केला आहे, दाराशी हातभर ओटा आहे. दत्तजयंतीला माहूर, पावसाळ्याच्या शेवटी पैनगंगेवरचा सहस्रकुंड, कधी किनवटकडचं उनकेश्वर, अशी आमची भटकंती असते. बाहेरचं खाणं बायकोला सोसत नाही. तिला वरण-भात आणि एखादी भाकरी गाडीतच करून द्यावी लागते, म्हणून शेगडी ही आमची चैन नाही, गरज आहे. काकांच्या ‘बंद केलं’ या दोन शब्दांनी मी त्या दिवशी खरोखर अडकलो.

बाबा कापसाच्या गाठी घेऊन दक्षिणेतल्या गिरण्यांपर्यंत जायचे. वणी, पांढरकवड्याच्या जिनिंगवर गाडी भरायची, करंजीहून मोठा रस्ता धरायचा, पाटणबोरी ओलांडली की आंध्र लागायचं. तेव्हा तो महामार्ग सात होता, आता चव्वेचाळीस आहे आणि पलीकडे तेलंगणा आहे. पहिली काही वर्षं त्यांच्या पेटाऱ्यात पितळी स्टोव्ह होता. आम्ही त्याला प्रायमसच म्हणायचो. स्टॉकहोममध्ये लिंडक्विस्ट नावाच्या कारागिराने १८९२ मध्ये काढलेल्या स्टोव्हचं ते नाव आमच्या घरापर्यंत पोचलं होतं. वाटीत जरासं घासलेट ओतून पेटवायचं, नळी तापू द्यायची, मग पंप मारायचा. भोक चोंदलं की पिन घालायची. त्याचा घरघराट सुरू झाला की बाबांच्या चेहऱ्यावरचा थकवा उतरायचा, हे मी उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांच्यासोबत गेलो तेव्हा पाहिलंय.

पुढे रेशनचं घासलेट कमी होत गेलं. ते ओळखू यावं म्हणून त्यात निळा रंग मिसळलेला असायचा. आता आमच्या गावात ते निळं तेल कोणाच्या घरी दिसत नाही. घरात गॅस आला त्याचं फार चांगलं झालं, आईच्या डोळ्यांतला धूर गेला. पण ज्याचं घर चाकांवर आहे त्याचा विचार घासलेट थांबवताना झाला नाही. त्या रिकाम्या जागेत ही हिरवी टाकी आली.

ती भरली जायची कशी, हे मी टाकी धरून उभं राहून पाहिलंय. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर स्टुलावर उलटा ठेवायचा. खाली आमची टाकी. मध्ये दोन्हीकडे तोंड असलेली नळी. चावी उघडली की सूं आवाज व्हायचा, नळीवर दहिवर धरायचं, हाताला चटका बसावा इतकी ती गार पडायची. वजनकाटा नसायचा. टाकी भरली की नाही, हे दुकानदार बोटाने वाजवून ठरवायचा. गल्लीत वास पसरायचा आणि चार पावलांवर चहाची भट्टी पेटलेली असायची.

त्यात धोका नेमका कुठे आहे, हे मला फार उशिरा कळलं. सिलेंडरात गॅस द्रवरूपात असतो आणि ऊन लागलं की तो द्रव फुगतो. म्हणून कारखान्यात भरताना वर मोकळी जागा ठेवतात. गल्लीतल्या भरण्यात ती जागा उरते की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. आमच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर जातो. तशा उन्हात ट्रकच्या बंद पेटाऱ्यात बाबांनी किती वर्षं ही टाकी नेली, याचा विचार आला की आजही पोटात खड्डा पडतो.

मदुराईची घटना अनेकांना आठवत असेल. २६ ऑगस्ट २०२३ ची पहाट. लखनौहून तीर्थयात्रेला निघालेल्या लोकांचा खासगी डबा मदुराई स्थानकाजवळ उभा करून ठेवला होता. रेल्वेत बंदी असूनही आत सिलेंडर नेला होता. त्याच्यामुळे आग लागली आणि नऊ जण गेले. प्रवासातलं जेवण आपल्या हातचं असावं, एवढीच त्या माणसांची इच्छा असणार. तीच इच्छा माझी आहे, बाबांचीही होती. म्हणून काकांनी टाकी परत केली त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

सिलेंडर कसा असावा, झडप कशी असावी, त्याची चाचणी कधी व्हावी, हे ठरवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना. तिच्या देखरेखीखालच्या स्वयंपाकाच्या गॅसच्या सिलेंडरवर एक खूण असते आणि ती वाचायला दोन मिनिटांत शिकता येते. झडपेभोवतीच्या कड्याला खालून जोडणाऱ्या ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांतल्या एकीच्या आतल्या बाजूला इंग्रजी अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘सी २८’ असेल तर त्या सिलेंडरची पुढची चाचणी सप्टेंबर २०२८ पर्यंत व्हायला हवी. ती मुदत उलटलेला सिलेंडर घेऊ नये, सरळ परत करावा. आमच्या हिरव्या टाकीवर मी विजेरी लावून शोधलं. तिच्यावर अक्षर नव्हतं, आकडा नव्हता, कोणत्या कारखान्यात झाली त्याची खूणही नव्हती.

मग कायद्याने मिळणारा लहान सिलेंडर शोधायला निघालो. तो आहे, हे अनेकांना ठाऊकच नसतं. सरकारी तेल कंपन्यांनी ऑक्टोबर २०१३ मध्ये पाच किलोचा सिलेंडर मोठ्या शहरांतल्या निवडक पेट्रोल पंपांवर खुल्या बाजारभावाने विकायला सुरुवात केली. परगावी शिकणारी मुलं, कामासाठी हिंडणारे मजूर, ज्यांच्याकडे पत्त्याचा कागद नाही अशांसाठीच तो होता. ओळखपत्र दाखवायचं आणि घ्यायचा. २०२० च्या डिसेंबरात इंडेनने त्याला ‘छोटू’ नाव दिलं. कल्पना अगदी नेमकी होती.

पण माझ्या वाट्याला आलं ते असं. पहिल्या एजन्सीत सांगितलं, “आमच्याकडे येत नाही.” दुसरीकडे म्हणाले, “आधार आणा, रेशनकार्ड आणा, वीजबिल आणा.” मी म्हटलं, ओळखपत्र पुरतं ना? काउंटरवरच्या मुलाने खांदे उडवले. महामार्गावरच्या एका पंपावर लोखंडी पिंजरा होता, त्यात रिकामी खोकी होती. चौथ्या ठिकाणी, घरापासून चाळीस किलोमीटरवर, एका बाईंनी आतून सिलेंडर आणून दिला, माझ्यासमोर काट्यावर ठेवला, झडपेवर साबणाचं पाणी टाकून बुडबुडा येतो का ते दाखवलं आणि वायसर तपासला. नियमाप्रमाणे काम करणाऱ्या माणसाबद्दल इतकी कृतज्ञता वाटावी, हे बरं लक्षण नाही.

आता तो गाडीत आहे. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर न जाता फरशीवर पसरतो आणि साचून राहतो, म्हणून नुसती खिडकी उघडून भागत नाही. युरोपातल्या अशा गाड्यांमध्ये सिलेंडरला वेगळं बंद कपाट असतं आणि त्याच्या तळाला बाहेर उघडणारं भोक असतं. मी आमच्या मेकॅनिककडून मागच्या दाराशी तसाच कप्पा करून घेतला. सिलेंडर उभा राहतो, पट्ट्याने बांधलेला असतो, गाडी सुरू करण्याआधी रेग्युलेटर बंद करतो. स्वयंपाक मागचं दार पूर्ण उघडून करतो आणि झोपताना सिलेंडर चालू ठेवत नाही. डिसेंबरात सकाळी थंडी पडली आणि सिलेंडर संपत आला की आच मंदावते. बाबा अशा वेळी टाकी चुलीजवळ सरकवायचे. ते कधीही करू नका. आच मंद झाली तर मंद आचेवर होईल ते करा, नाहीतर ऊन वर येईपर्यंत थांबा.

“विजेची शेगडी का घेत नाही?” असं मुलगा विचारतो. हिशेब मांडला. गाडीत बसेल अशी बारा व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण भरली तरी तिच्यात सव्वा युनिटसुद्धा वीज नसते. पाच किलो गॅसात साठ युनिटांहून जास्त उष्णता असते. त्यातली अर्धी भांड्याच्या कडेने वाया गेली तरी उरलेल्या आचेसाठी अशा पंचवीस बॅटऱ्या लागतील. मुक्कामाला वीज मिळाली तर विजेची शेगडी उत्तम. पैनगंगेच्या काठावर ती कुठून आणू?

तेव्हा गॅस पुरवून वापरायचा. तुरीची डाळ निघतानाच डब्यात भिजत घालतो, मुक्कामी पोचेपर्यंत ती अर्धी झालेली असते. कुकरची एक शिट्टी झाली की तो उतरवून गोधडीत गुंडाळतो, आतल्या वाफेवर वरण गळतं. भाकरीला आच फार लागते, म्हणून पहिल्या दोन दिवसांच्या कळण्याच्या भाकरी घरूनच नेतो, त्या टिकतात. सोबत झुणका आणि ठेचा. दोघांना एक सिलेंडर अठरा दिवस गेला, त्याचा रोजचा हिशेब मी वहीत लिहून ठेवलाय.

ब्रिटनमध्येही अशी अडचण आली होती, त्याबद्दल वाचलं. तिथल्या कॅलॉर या जुन्या कंपनीने काही लहान सिलेंडर बंद केले. ज्यांनी गाडीतलं कपाट त्याच मापाने बांधलं होतं त्यांना सगळी जुळणी नव्याने करावी लागली. तिथला प्रश्न कपाटाच्या मापाचा. आमच्याकडच्या बहुतेकांच्या गाडीत कपाटच नाही, आणि गाडी म्हणजेही हौसेची व्हॅन नाही.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचं मला मनापासून कौतुक आहे. पण चाकांवरचा संसार आपल्या जिल्ह्याला नवा नाही. गुरंमेंढरं आणि उंट घेऊन विदर्भभर फिरणारे कच्छकडचे रबारी आहेत. महामार्गाच्या कडेला गाडी लावून कणीक मळणारे ट्रकवाले आहेत. कापूस वेचायला शेतातच पाल ठोकून राहणारी कुटुंबं आहेत. त्यांची चूल कापसाच्या पऱ्हाट्यांवर पेटते. पऱ्हाटी भडकन जळते, डोळे लाल करते आणि सगळा हंगाम पुरतही नाही. या सगळ्यांसाठी महामार्गावरच्या, वडकीपासून पिंपळखुटीपर्यंतच्या पंपांवर भरलेले पाच किलोचे सिलेंडर असावेत, ओळखपत्रावर मिळावेत, आणि रिकामा दुसऱ्या गावी बदलून मिळावा, एवढंच माझं मागणं आहे. गल्लीतलं भरणं बंद करायलाच हवं होतं. पण ते बंद करणाऱ्या यंत्रणेनेच पिंजऱ्यात भरलेला सिलेंडर ठेवायचा असतो. नाहीतर काकांनी नाही म्हटलेला माणूस संध्याकाळी दुसऱ्या गल्लीत जातो.

सोयाबीन निघत होतं तेव्हा दारव्ह्याच्या रस्त्यावर एक हार्वेस्टर उभं दिसलं. पंजाबातली चार पोरं, तीन महिने घराबाहेर. यंत्रामागच्या गाडीत त्यांच्या बाजा, पिठाचा डबा आणि आमच्यासारखीच टाकी, फक्त निळी. ती रिकामी होती. त्यांच्यातल्या एकाला गावातल्या कोणीतरी भरून देणाऱ्याचा नंबर दिला होता आणि तो फोन लावत होता. मी त्याला थांबवलं आणि माझ्या गाडीत बसवून त्या बाईंच्या एजन्सीत नेलं. दोन सिलेंडर शिल्लक होते. त्याने आपलं आधार दाखवलं, पैसे मोजले. परतताना सिलेंडर त्याच्या पायांमध्ये उभा होता. मी त्याला ती पट्टी दाखवली. त्याने मान वाकवून आतल्या अक्षरावर बोट ठेवलं, आकडा मोठ्याने वाचला, आणि मला विचारलं, घरी आईकडे मोठा सिलेंडर आहे, त्याच्यावरही हे असतं का. मी हो म्हटलं. त्याने तिथूनच घरी फोन लावला.