सरवा आणि सरस



फळीवर तैलरंगात मी जे चित्र उतरवलं त्याच्याबद्दल दोन तोंडं बोलून राहिली, म्हणून हे लिहून टाकतो. एक तोंड तालुक्याच्या गावचं, शिकलेलं, पांढरपेशं. ते म्हणतं, ही नक्कल आहे, कला नव्हे. दुसरं तोंड आपलंच, बोरी अरबच्या वस्तीतलं. ते म्हणतं, विहारात वाकलेल्या बाया लावू नका. पहिल्याला थोडक्यात उरकतो, त्याची तेवढीच लायकी आहे. दुसऱ्याशी मात्र मला मनापासून भांडायचंय.

आधी चित्र कोणतं ते सांगतो. ज्याँ-फ्रान्स्वा मिले हा फ्रान्सचा चित्रकार, कास्तकाराच्या घरचा. १८५७ साली पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात त्याने तीन बाया मांडल्या. सरवा वेचणाऱ्या. कापणी झाली, गाड्या भरल्या, मालकाचा माल घरी गेला, मग मागे धसकटांत जे सांडलं ते वाकून वेचायचं. त्याला आपल्याकडे सरवा म्हणतात, आणि हा शब्द मला कोणाच्या शब्दकोशात शोधावा लागला नाही, मायच्या ओटीतून मिळाला. डावीकडच्या बाईच्या डोक्याला निळं फडकं, मधलीच्या लाल. तिसरी अर्धी उठलेली, पण तिचंही डोकं क्षितिजाच्या वर मोकळं निघत नाही. मागे दूर उन्हात गंज्या, भरलेली गाडी, आणि उजवीकडे अगदी बारका, बोटाच्या नखाएवढा, एक घोड्यावर बसलेला माणूस.

आता नक्कल. जेजे स्कूल ऑफ आर्ट मुंबईत सुरू झालं तेही १८५७ सालीच. तिथे पोरांना काय शिकवलं? ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे समोर ठेवून हुबेहूब काढा. १८७२ ते १८८५ जेजेच्या विद्यार्थ्यांनी ग्रिफिथ्स साहेबाच्या हाताखाली अजिंठ्याच्या भिंती उतरवून घेतल्या. म्हणजे आपल्या बुद्धाच्या लेण्यांची नक्कलच ती. त्यातली बरीचशी १८८५ साली लंडनला आगीत जळाली. त्या नकलेला सरकारचा पैसा, अभ्यासकांचा मान. व्हॅन गॉगने १८८९-९० मध्ये वेड्यांच्या इस्पितळात बसून याच मिलेची वीसेक चित्रं काळ्या-पांढऱ्या छापांवरून पुन्हा रंगवली, त्यालाही कोणी चोर म्हणत नाही. सूतगिरणीतल्या पोराने रात्रपाळी करून, मोबाईलच्या पडद्यावर चित्र मोठं करकरून एक फळी रंगवली, की लगेच यांना 'स्वतःचं' काय ते आठवतं! साहेब, शिकायची पहिली पायरी तुम्ही चढलात तेव्हा आम्ही दाराबाहेर होतो. ती पायरी आम्ही आता चढतो. तुम्ही वरच्या मजल्यावरून मौलिकतेवर भाषण देऊ नका.

फळी काहून? मिलेचं चित्र कॅनव्हासवर आहे. मी दिवसभर सूत काढतो, पण चौकटीवर ताणलेला कॅनव्हास विकत घेणं माझ्या खिशाला झेपत नाही. कापसाच्या मुलखात कापसाचंच कापड महाग, याच्यावर वेगळा लेख होईल. भंगारातून सागवानी दाराच्या दोन फळ्या आणल्या, जोडल्या, मूळच्या निम्म्या मापाने कापल्या: बावीस इंच बाय साडेसोळा. साग तेलकट असतो, म्हणून टर्पेंटाईनने पुसल्या. मग सरस. रात्रभर पाण्यात भिजवायचा, सकाळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवायचा, उकळू द्यायचा नाही, उकळला की जोर जातो. फळीला दोन्ही अंगांनी लावायचा. एकाच अंगाने लावला तर फळी वाकते. मग त्यातच खडूची भुकटी कालवून आठ पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळल्यावर काचकागद मारायचा. फळी हस्तिदंतासारखी गुळगुळीत होते. त्याच्यावर तेलरंग. खालचे थर पातळ, वरचे तेलकट. उलटं केलं की भेगा पडतात. तेल कशाचं? अळशीचं. आपल्या धुऱ्यावरची अळशी, जिची चटणी आपण भाकरीशी खातो.

हा सरस कशाचा असतो? जनावराच्या कातड्याचा, हाडांचा. युरोपात शेकडो वर्षं फळीवर देवाची आई रंगवली, राजे रंगवले, त्याच्या खाली हाच सरस. ज्या कातड्याला हात लावला म्हणून आपल्या बापजाद्यांना गावाबाहेर ठेवलं, त्याच कातड्यावर जगाचं सौंदर्य चिकटून बसलंय. सुतार तो वितळवतो, त्याला कोणी विटाळ मानला नाही. सदाशिव पेठेतल्या चित्रकाराच्या घरात सरस शिजला असेल, त्याने अंगावर पाणी घेतलं नसेल. विटाळ कातड्यात नव्हताच. कातडं कोणाच्या हातात आहे, हे बघून तो ठरायचा. आपल्यातले एक कार्यकर्ते मला म्हणाले, बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढू नका म्हणून सांगितलं, आणि तू पुन्हा कातड्याचा रस ढवळतोस? भाऊ, बाबासाहेबांनी ढोर ओढायची सक्ती आणि त्याच्यासोबतचं लाचार जिणं सोडायला सांगितलं. विद्या सोडायला सांगितलं नाही. पुडा दुकानात मिळतो, पैसे टाकून आणला, कोणाची वेठ नाही केली. ज्याला मराठीत सरस म्हणतात तो आमचा, आणि आम्ही तेवढे नीरस, हे व्याकरण मला मान्य नाही.

आता घरचं भांडण.

जयंतीच्या तयारीच्या बैठकीत मी फळी आणली. एकजण म्हणाला, विहारात बाबासाहेब ताठ उभे आहेत, हातात संविधान आहे, त्यांच्या शेजारी तीन बाया कंबर मोडून? आपल्या बाया ताठ काढ. टाळ्या पडल्या. मला त्याचा राग समजतो. नाटकात, सिनेमात, कथेत आपल्याला वाकलेलंच दाखवून यांनी पोट भरलं. दलितांचं दुःख हा यांचा दिवाणखान्यातला माल झाला. मिलेच्या या चित्राचंही तेच झालं. १८५७ साली पॅरिसच्या एका टीकाकाराला या तीन बायांच्या मागे १७९३ सालचं गिलोटीन दिसलं होतं. घाबरले होते ते लोक, वाकलेल्या बायांना घाबरले! चित्र जेमतेम तीन हजार फ्रँकला गेलं. १८८९ साली शॅम्पेन दारूच्या एका मालकिणीने तेच चित्र तीन लाखाला घेतलं. बाया त्याच, पाठी तितक्याच वाकलेल्या. भिंत बदलली, बघणारे बदलले, आणि भीतीची शोभा झाली.

म्हणूनच मी म्हणतो विहाराची भिंत पाहिजे. विहाराची वर्गणी कुठून येते? वेचणीच्या मजुरीतून येते. कापूस वेचताना कोण ताठ उभं राहतं? पऱ्हाटीला बोंडं खालपासून लागतात. शेवटची वेचणी झाल्यावर उरलेली कवडी गोळा करायला, चुलीसाठी पऱ्हाट्या आणायला जी जाते ती वाकते. तिच्या पैशाची रंगरंगोटी चालते आणि तिची पाठ चालत नाही?

आणि कष्टाला जात नसते म्हणणारे लाल दोस्तही ऐका. फ्रान्समध्ये सरवा हा गरिबाचा हक्क म्हणून १५५४ च्या राजाज्ञेत लिहिलेला होता. मिलेच्या बाया गरीब होत्या, भुकेल्या होत्या, पण संध्याकाळी गावच्या पाण्याला हात लावला म्हणून कोणी त्यांची डोकी फोडत नव्हतं. महाडला चवदार तळ्यावर १९२७ साली आपली फुटली. आपल्याकडे सरवा हक्क नव्हता, मेहरबानी होती, आणि मेहरबानीचा दोर मालकाच्या हातात. आपण गावकीची कामं नाकारली की गावाने पहिलं काय बंद केलं? शेतात पाय ठेवणं. सरवा बंद, गवत बंद, सरपण बंद, दुकान बंद. बाबासाहेब ज्या स्टार्ट कमिटीवर होते तिच्या १९३० च्या अहवालात हे बहिष्काराचं हत्यार नोंदलेलं आहे, काढून वाचा. म्हणजे तीन बायांकडे बघून नुसतं हळहळायचं नाही. दोर कुठे आहे ते बघायचं.

तो दोर चित्रात आहे. मी फळी घरी नेली तेव्हा मायने चष्मा लावला. शिकलेल्या माणसांनी आधी रंग बघितले, प्रकाश बघितला, 'करुणा' बघितली. मायने पहिला प्रश्न केला, "थो घोड्यावरचा कोन होय?"

मी म्हटलं, मुकादम.

"मंग बराबर हाय," ती म्हणाली. डावीकडच्या बाईने एक हात पाठीवर नेऊन वेचलेल्या कणसांची जुडी धरलीय, त्यावर बोट ठेवून म्हणाली, "आमी बी तसंच धरतो. पुढं धरलं तं गळते." मग तिसरीकडे बघून, "हे आता उठन."

तिने एवढं वाचलं. बैठकीत बसलेल्या आपण पंचवीस जणांनी 'वाकलेल्या' एवढा एकच शब्द वाचला.

२००९ साली एका ब्रिटिश चित्रकाराने याच चित्रातली एक बाई कापून चौकटीबाहेर बसवली, सिगरेट ओढत. गंमत चांगली आहे, मला आवडली. पण पहिल्या फळीत मी कोणालाही उठवलेलं नाही, घोडेवाल्यालाही मोठा केलेला नाही. मूळ जसं आहे तसं. आधी हात तयार झाला पाहिजे, आणि बघणाऱ्याने तो नखाएवढा माणूस स्वतः शोधला पाहिजे. दुसऱ्या फळीवर बोरी अरबचं शेत येईल: पऱ्हाटी, ओटी, कवडी, आणि घोड्याच्या जागी मोटारसायकल.

तेव्हा मंडळाला माझं म्हणणं असं. फळी विहाराच्या वाचनालयात लावा, बाबासाहेबांच्या फोटोच्या बरोबरीने नको, खाली, बाया सतरंजीवर बसतात त्यांच्या डोळ्यांच्या रेषेत. रंग अजून आतून ओला आहे, व्हार्निशला सहा महिने तरी थांबावं लागेल, तोवर कोणी हात लावू नये, हार घालू नये, अगरबत्तीचा धूर तर मुळीच नको. लावायचं की नाही ते मतावर घ्या, पण मत द्यायला वेचणीवाल्या बायांना बोलवा, आणि बैठक संध्याकाळी सातच्या आधी ठेवू नका, त्या शेतातून तेव्हाच येतात. दुसऱ्या चित्रासाठी कोणाकडे सागाची कोरडी फळी असेल तर कळवा.