दूरध्वनीच्या पलीकडे कोण असते?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी सुरू झाली. १४४१६ हा तिचा क्रमांक. तो अहोरात्र चालतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. त्याच वर्षी, राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार, देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतील २२,७४६ जण आपल्या महाराष्ट्रातील होते. एवढी संख्या अन्य कोणत्याही राज्यात नव्हती.

क्रमांक ठाऊक असूनही माणसे फोन का करीत नाहीत? आमच्या मते मुख्य अडसर भीतीचा आहे. पोलीस दारात येतील, नाव गावभर होईल, मुलीचे लग्न मोडेल! म्हणून पलीकडे प्रत्यक्ष काय घडते ते सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम ध्वनिमुद्रित आवाज भाषा निवडावयास सांगतो. मराठी उपलब्ध आहे. मग प्रशिक्षित समुपदेशक बोलतो. तो उपदेश करीत नाही, ऐकतो. रडू आले, शब्द सुचेनात, तरी तो थांबतो. जीव देण्याचा विचार मनात येतो का, हे तो बहुधा स्पष्टच विचारील. या प्रश्नाने दचकू नये. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही, उलट बोलून मोकळे होता येते. गरज भासल्यास तो मनोविकारतज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जिल्ह्यातील शासकीय उपचारकेंद्राची वाट दाखवितो. संभाषण गोपनीय राहते. मात्र जीवाला तात्काळ धोका दिसल्यास इतरांची मदत घ्यावी लागते, हेही आधीच जाणून असावे. एका फोनने दुःख सरेल अशी अपेक्षा नसावी. ती रात्र निभावणे, हेच त्या फोनचे काम.

आणि कायदा? मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ अन्वये आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच गृहीत धरले जाते, आणि तिची काळजी घेणे हे शासनाचे कर्तव्य ठरते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ उरलेले नाही. लोकसेवकावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे.

ख्रिस्तसभेविषयीही काही घरांत जुनी धास्ती आहे. १९१७ च्या धर्मसंहितेत आत्महत्या करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या संहितेत ती नाही. तीव्र मानसिक यातनांमुळे व्यक्तीची जबाबदारी कमी होते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवणही मानते. तरीही कोणाच्या घरी असे घडले की सांत्वनाला जाणारे आधी कुजबुजतात, हे आम्ही पाहतो आणि त्याची खंत वाटते.

‘आधी फादरांना विचारू’ म्हणून कोणी थांबू नये. पापनिवेदन आणि उपचार ही दोन वेगळी कामे आहेत. आम्ही धर्मगुरू डॉक्टर नव्हे.

घरातील दुसऱ्या कोणासाठी काळजी वाटत असेल, तरी १४४१६ वर फोन करता येतो. कसे बोलावे, काय टाळावे, हे तेथे विचारता येते. जीवावर बेतलेच असेल तर ११२ वर कळवावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि जवळचे रुग्णालय गाठावे.