बहुसंख्येने उपस्थित राहावे... पण कसं?

दिवाळी सरली, थंडीची चाहूल लागली, की पेपरात त्या छोट्या चौकटी दिसायला लागतात. विद्यापीठाच्या कला केंद्रात विद्यार्थ्यांचा नाट्यप्रयोग. नृत्य विभागाचं सादरीकरण. संगीत विभागाची मैफल. आणि खाली ती ठरलेली ओळ : 'प्रवेश विनामूल्य. रसिकांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे.' आपण चौकट वाचतो, 'छान आहे हं' म्हणतो आणि त्याच पेपरावर मेथी निवडायला घेतो.

मैत्रिणींनो, या 'रसिकां'मध्ये आपण धरलेल्या असतो का, असा प्रश्न कधी पडलाय तुम्हाला?

मला वाटतं, नसतो. कुणी मुद्दाम वगळलेलं नसतं, पण कार्यक्रम ठरवताना आपण कुणाच्या डोळ्यांसमोरच नसतो. कार्यक्रम सायंकाळी साडेसहाला. संपणार नऊ-साडेनऊला. बातमी येते त्याच दिवशी सकाळी, तीही 'शहरात आज' या सदरात. सदराचं नावच सांगतं, की हे निमंत्रण कुणासाठी आहे. ज्यांच्या घरापासून सभागृह रिक्षाच्या अंतरावर आहे, त्यांच्यासाठी. संगमनेर, सिन्नर किंवा जुन्नरच्या बाईने ती बातमी वाचायची, आणि परतीच्या शेवटच्या एसटीचा हिशेब मनातल्या मनात मांडून गप्प बसायचं.

पण विद्यापीठ काही एकट्या शहराचं नसतं. पुण्याच्या विद्यापीठाचंच बघा. त्याच्या कक्षेत पुणे, नाशिक आणि अहिल्यानगर असे तीन जिल्हे येतात. तिथलं ललित कला केंद्र 1987 साली सुरू झालं. संगीत, नृत्य आणि नाटक तिथे एकत्र शिकवतात. 'महानिर्वाण' लिहिणारे सतीश आळेकर अनेक वर्षं या केंद्राचे प्रमुख होते. तिथून शिकून बाहेर पडलेली मुलं-मुली आज नाटक-सिनेमात, मालिकांमध्ये आपल्याला दिसतात. तीच मुलं शिकत असताना जे प्रयोग करतात, ते मात्र पाहतात कोण? बहुतेक त्यांचेच मित्र, शिक्षक आणि पुण्यातले ठरावीक जाणकार.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात संगीत व नाट्यशास्त्र विभाग आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. मुंबई विद्यापीठाने 2003 साली अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स काढली. म्हणजे राज्यभर ही केंद्रं आहेत. सरकारच्या म्हणजे आपल्याच पैशांवर त्यातला मोठा खर्च चालतो. दुकानातून साबणाची वडी घेतली तरी त्यावर कर भरतो ना आपण? मग तिथल्या खुर्चीवर आपलाही हक्क आहेच की!

आणखी एक गंमत सांगते. 2014 साली पुणे विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. 2018 साली जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं. 2019 साली सोलापूरच्या विद्यापीठाला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं. तिन्ही नावं बायकांची. त्यातल्या दोघी तर कवयित्री. सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह 1854 सालचा. बहिणाबाईंना अक्षरओळखही नव्हती. शेतात, जात्यावर काम करता करता त्या गाणी रचत गेल्या. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी ती जपली, आचार्य अत्र्यांनी त्यांचं मोल ओळखलं, आणि बहिणाबाई गेल्यानंतर, 1952 साली, पुस्तक निघालं. आज बहिणाबाई चाळीसगावच्या किंवा शिरपूरच्या एखाद्या घरात असत्या, तर त्यांच्याच नावाच्या विद्यापीठातला गाण्याचा कार्यक्रम त्यांना ऐकायला मिळाला असता का? की 'रात्री परत कशी येशील?' म्हणून त्याही घरीच राहिल्या असत्या?

विद्यापीठाच्या पाटीवर बाईचं नाव आलं, चांगलं झालं. आता बाई सभागृहातही दिसायला हवी.

यावर लगेच कुणीतरी म्हणेल, 'अहो, कशाला एवढी यातायात? टीव्ही आहे, मोबाइल आहे. घरबसल्या हवं ते गाणं ऐका, हवं ते नाटक बघा.' खरंय. पण घरबसल्या आपण नक्की काय बघतो? मालिका बघताना हातात लसूण असतो. गाणं ऐकताना कुकरच्या शिट्ट्या मोजतो. मधेच 'चहा टाक गं' अशी हाक येते. सभागृहात दिवे मालवले, की दोन तास कुणी चहा मागत नाही. ते दोन तास पूर्ण आपले असतात. नाटक कितीही साधं असो, बाईला असे सलग दोन तास कुठे मिळतात हो?

दुसरी अडचण जरा आतली आहे. 'आपल्याला काय कळणार त्यातलं?' हा प्रश्न आपणच आपल्याला विचारतो. विद्यापीठ म्हटलं, की मोठमोठी माणसं, अवघड भाषा, प्रायोगिक नाटक... आपण तिथे साडी सावरत कुठे जायचं? पण बायांनो, ओवी कुणी जपली? मंगळागौरीचे खेळ, भोंडल्याची गाणी कुणी सांभाळली? सप्ताहातलं कीर्तन मांडी घालून तासन् तास ऐकणाऱ्या बाईला सूर-ताल कळत नाही, असं कोण म्हणेल? आणि एखादं नाटक नाही कळलं, तर नाही कळलं! परत येताना एसटीत त्यावर वाद घालायला मजा येते. पुरुष कुठे क्रिकेटमधलं सगळं कळतं म्हणून मॅच बघतात?

थोडं मागे वळून बघू. एके काळी आपल्या रंगभूमीवर बायकांची कामं पुरुष करत. बालगंधर्व मंचावर जशी साडी नेसत, जसे दागिने घालत, तसं घरोघरच्या बायका करून बघायच्या. हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, तेव्हा घरंदाज बाईने चारचौघांत गाणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. मंचावर जायला बाईला एवढा झगडा करावा लागला. आता मंचावर मुली आहेत, भरपूर आहेत. समोरच्या खुर्चीत त्यांच्या आया, मावश्या, काकू कितीशा असतात?

म्हणून विद्यापीठांच्या कला केंद्रांकडे माझं सरळ मागणं आहे. पहिलं म्हणजे, वेळापत्रक महिनाभर आधी जाहीर करा, आणि ते जिल्ह्याच्या पानावर येऊ द्या. घर, शाळा, पाहुणे, सणवार यांची मोट बांधून बाहेर पडायचं तर आदल्या दिवशीची बातमी आमच्या काय कामाची? दुसरं, रात्रीचे सगळे प्रयोग राहू द्या, पण महिन्यातून एक तरी प्रयोग शनिवारी दुपारी एक वाजता ठेवा. अंधार पडायच्या आत निदान परतीची गाडी तरी धरता येईल. तिसरं, सभागृहात बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृह हवं. हे लिहायला लागू नये, पण लागतंय. कितीतरी जणी केवळ या एका कारणासाठी लांबचा प्रवास टाळतात.

आणि चौथं, सगळ्यात महत्त्वाचं. आम्हीच का म्हणून दर वेळी यायचं? तुम्हीही या ना! तालुक्या-तालुक्यात विद्यापीठाशी जोडलेली कॉलेजं आहेत. त्यांना हॉल आहेत. युवा महोत्सव भरतात, तेव्हा याच गावांतल्या मुली मूकनाट्य करतात, लोकनृत्य करतात, बक्षिसं आणतात. मग विद्यार्थ्यांनी बसवलेलं नाटक वर्षातून चार तालुक्यांत फिरवायला काय हरकत आहे? यात त्या विद्यार्थ्यांचाही फायदाच आहे. ओळखीच्या प्रेक्षकांच्या टाळ्या फार लवकर मिळतात. अनोळखी गावातल्या बायकांना धरून ठेवायचं, त्यांना हसवायचं, गप्प करायचं, ही खरी परीक्षा.

आता थोडं आपल्याकडेही बघू. सगळं त्यांनीच करायचं, असंही नाही. 2023 च्या मार्चमध्ये राज्यात एसटीचं तिकीट बायकांसाठी अर्धं झालं. त्यानंतर देवदर्शनाला, लग्नाकार्याला आपण कितीदा गेलो! तशी वर्षातून एक फेरी नाटकासाठी का नको? एकटीने जायला अवघड वाटतं, तर भिशीतल्या दहाजणी मिळून जा. बचत गटाची सहल म्हणून जा. दहाजणी असल्या, की घरचे 'सोबत कोण?' हा प्रश्न विचारत नाहीत. आणि 'स्वयंपाकाचं काय?' असं विचारलंच, तर एक दिवस त्याचं उत्तर त्यांनाच शोधू द्या.

कालनिर्णय भिंतीवर असेलच. दुधाचा हिशेब लिहिता लिहिता त्यावर काही तारखांना गोल करून ठेवा. 5 नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. 3 जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती. 27 फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. 27 मार्च, जागतिक रंगभूमी दिन. 29 एप्रिल, जागतिक नृत्य दिन. या दिवसांच्या मागेपुढे अशा कला केंद्रांमध्ये काही ना काही चालू असण्याची शक्यता जास्त. पेपरात बातमी यायची वाट बघत बसू नका. आधीच फोन करून विचारा, काय आहे, किती वाजता आहे, संपणार किती वाजता. जमत नसेल, तर तेही सांगा. 'आम्ही बाराजणी आहोत, दुपारी ठेवलंत तर येऊ,' असं दहा गावांतून दहा फोन गेले, तर वेळापत्रक ठरवणाऱ्यांना निदान एवढं तरी कळेल, की आपण आहोत.

आणि गेलात, तर मागच्या रांगेत दाराजवळ बसू नका. फुकटचा कार्यक्रम आहे, जागा धरून पुढे बसा!