कालवांना काय पाजतोय आपण?

अमावास्या-पौर्णिमेला पाणी लांबवर ओसरलं, की खाडीकाठच्या बायका खडकावरची कालवं फोडायला आणि चिखलातल्या तिसऱ्या चाचपायला उतरतात. त्यांचे वाटे बाजारात येतात, आपण घासाघीस करून घेतो आणि घरी सुकं करून खातो. त्या वाट्यातून आपल्याच संडासातलं काय काय परत ताटात येतं, हे मात्र कुणी विचारत नाही. शब्द ओंगळ आहे, पण दुसरा सापडला नाही.

कालव शिकार करत नाही. जागच्या जागी बसून तासाला काही लिटर पाणी गाळतं आणि गाळलेलं पोटात ठेवतं. माणसाच्या आतड्यातले ई-कोलाय, साल्मोनेला, शिगेला हे जीवाणू पाण्यात विरळ असले, तरी कालवाच्या अंगात दाट होतात. म्हणून युरोपात पाण्यावर विसंबत नाहीत, मांसच तपासतात. 100 ग्रॅम मांसात ई-कोलाय 230 च्या आत असतील तर माल थेट बाजारात. जास्त असतील तर आधी स्वच्छ पाण्यात ठेवायचा. ही शिस्त फुकट आलेली नाही. 1924-25 च्या हिवाळ्यात अमेरिकेत कालवांतून विषमज्वर पसरला, दीडशेच्या आसपास माणसं गेली, तेव्हा कुठे तिथे नियम झाले. 1988 मध्ये शांघायला अर्धकच्च्या शिंपल्यांतून सुमारे तीन लाख लोकांना कावीळ झाली. ती कावीळ विषाणूची होती. पण तोही आला मैल्याच्याच वाटेनं.

आता आपलं बघू. वसई-विरार महापालिका 2009 ची, आणि 2011 च्या जनगणनेतच वस्ती बारा लाखांवर. इतक्या लोकांच्या मैलापाण्याचा भार वर्षानुवर्षं एकट्या बोळिंजच्या मैलापाणी प्रक्रिया केंद्रावर राहिला. बाकीचं बहुतेक सगळं नाल्यांतून, प्रक्रियेविना, खाडीकडे. भरती चढली की तेच पाणी नायगाव, पाणजूकडे परत आत येतं. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं. नाला होता तसा वाहतोच आहे.

पाण्यासाठी वसई याआधीही लढली आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती यांच्यामागे वसई तालुका रस्त्यावर उतरला होता, तो विहिरींच्या गोड्या पाण्यासाठी आणि हिरव्या पट्ट्यासाठी. खारं पाणी तेव्हाही कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हतं, आजही नाही. आणि म्हणूनच ते वाचवायला कोळीवाडा एकटा पुरणार नाही. घाण विरार-नालासोपाऱ्याच्या टॉवरांतून येते, तेव्हा त्या सोसायट्यांनीही उतरायला हवं.

कोळणीशी भांडू नका, तिची पाटी बंद पाडू नका. शिंपला उघडला म्हणजे शिजला असं समजू नका. चांगलं उकळू द्या. मोठ्या पावसानंतर काही दिवस तिसऱ्या-कालवं टाळा, नाल्यात साचलेली घाणही तेव्हा खाडीत लोटली जाते. एवढं घरातलं झालं. खरं काम घराबाहेर आहे. किल्लाबंदर, पाचूबंदर, नायगाव, अर्नाळा इथलं पाणी आणि कालवांचं मांस दर महिन्याला तपासून निकाल मराठीत मासळीबाजारात लागला पाहिजे. आपल्याकडे व्यापारी मासेमारीच्या समुद्री पाण्यासाठी मर्यादा आहे, 100 मिलीलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म 100. आपल्या खाडीचा आकडा किती, तो बाजारात येणाऱ्या प्रत्येकाला वाचता यायला हवा.

आणि ही धडपड व्यर्थ जाणार नाही, कारण कालवाची जात चिवट आहे. स्वच्छ पाणी मिळालं तर पोटातले जंतू ते काही दिवसांत स्वतःच बाहेर टाकतं. विषाणूंना जास्त वेळ लागतो, एवढंच.

पाणी स्वच्छ होईपर्यंत प्रत्येक सोसायटीतल्या, प्रत्येक कोळीवाड्यातल्या एकेका नागरिकानं स्वतःच्या नावानं महापालिकेकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा: आमच्या इमारतीचं मैलापाणी कुठे जातं? दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. शंभर अर्ज एकाच आठवड्यात जाऊ द्या.