मोफत आहे, पण आपोआप नाही



गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील कितीतरी घरांतून मुलगा, मुलगी किंवा सून इंग्लंडमध्ये वास्तव्यास गेली आहे. कोणी उच्च शिक्षणासाठी, कोणी संगणक क्षेत्रातील नोकरीसाठी, तर कोणी तेथील रुग्णालयात सेवेसाठी. जाण्यापूर्वी घरोघरी जी लगबग चालते ती आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. व्हिसा, तिकीट, परकीय चलन, पदव्यांच्या साक्षांकित प्रती, खाकरे, मसाले, भाजणी अशी यादी लांबत जाते. या यादीत एक गोष्ट मात्र बहुधा नसते, ती म्हणजे घरातील प्रत्येकाच्या लसीकरणाची नोंद. आजचा लेख त्या नोंदीविषयी आहे.

ही गोष्ट यादीतून सुटते याला कारण आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ राहण्यासाठी भारतातून ब्रिटनला जाणाऱ्यास क्षयरोग नसल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. मान्यताप्राप्त केंद्रात तपासणी होते, मोठ्यांच्या छातीचा एक्स-रे काढला जातो आणि प्रमाणपत्र हाती पडते. लसींचा कागद मात्र कोणी मागत नाही. अमेरिकेत कायम वास्तव्याचा परवाना हवा असेल तर ठरावीक लसी घेतल्याचा पुरावा वैद्यकीय तपासणीतच द्यावा लागतो. ब्रिटनमध्ये तशी अट नाही. मूल शाळेत घालतानाही, लस झालेली नाही या कारणाने इंग्लंडमधील सरकारी शाळा प्रवेश नाकारीत नाही. ज्या कागदाविना कोणतेही काम अडत नाही, त्याच्याकडे दुर्लक्ष होणे हा मनुष्यस्वभाव आहे.

सक्ती नसण्यामागे तेथील इतिहास आहे. एडवर्ड जेन्नर यांनी देवीच्या लसीचा प्रयोग १७९६ मध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यातील बर्कली गावी केला. अवघ्या सहा वर्षांनी, १४ जून १८०२ रोजी, ती लस मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीस टोचण्यात आली आणि आपल्या देशात लसीकरणाचा आरंभ झाला. पुढे १८५३ मध्ये इंग्लंडने तान्ह्या मुलांना देवी टोचणे कायद्याने सक्तीचे केले. न टोचणाऱ्या पालकांना दंड होऊ लागला, तसा लोकांत असंतोष वाढला. १८८५ साली लेस्टर शहरात सक्तीविरुद्ध प्रचंड मोर्चा निघाला. १८९८ च्या कायद्याने, सदसद्विवेकबुद्धीला लस पटत नाही असे सांगणाऱ्या पालकांना सूट दिली. १९४८ मध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा सक्ती संपुष्टात आली. ज्या लेस्टरमध्ये तो मोर्चा निघाला, त्याच शहरात आज आपले जैन मंदिर दिमाखात उभे आहे आणि आपली अनेक कुटुंबे तेथे नांदत आहेत.

तेव्हा सक्ती नाही. राष्ट्रीय कार्यक्रमातील लसींना वेगळे शुल्कही नाही. व्हिसाच्या अर्जासोबत बहुतेकांनी आरोग्य अधिभार भरलेला असतो. फेब्रुवारी २०२४ पासून प्रौढांसाठी तो वर्षाला १,०३५ पौंड आणि विद्यार्थी व १८ वर्षांखालील मुलांसाठी ७७६ पौंड आहे. एवढी रक्कम आगाऊ भरून त्या सेवेचा लाभ न घेणे हे कोणत्याच हिशोबात बसत नाही.

परंतु हा लाभ आपोआप दारी येत नाही. त्यासाठी राहत्या घराजवळच्या जीपीकडे, म्हणजे कुटुंबाच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, नाव नोंदवावे लागते. नोंदणीस पैसे पडत नाहीत. पत्त्याचा किंवा ओळखीचा पुरावा जवळ नाही एवढ्याच कारणाने ती नाकारता येत नाही. लसीसाठी बोलावण्याची सारी यंत्रणा या नोंदीवर चालते. नाव नोंदवले नाही, तोवर त्या यंत्रणेच्या लेखी आपल्या मुलाचे खातेच उघडलेले नसते. आपले लोक मात्र 'आजारी पडलो की बघू' म्हणून ही नोंदणी महिनोन् महिने लांबणीवर टाकतात.

खाते उघडले की प्रश्न येतो आरंभीच्या शिल्लकेचा. इंग्लंडच्या आरोग्य खात्याचा नियम स्पष्ट आहे. लसीची लेखी नोंद अथवा विश्वसनीय माहिती नसेल, तर ती लस झालेली नाही असे धरावे आणि पुढील आखणी करावी. बँकेत उमेदवारीच्या काळातच आम्हाला हे शिकवले जाई. ग्राहकाने रोकड भरली असेल, तो सज्जन असेल, त्याचे बोलणे खरेही असेल. पण त्याच्याजवळ पावती नाही आणि खातेवहीत जमा नाही, तर शिल्लक वाढवता येत नाही. यात ग्राहकावर अविश्वास नसतो. पुराव्याविना जमा धरल्यास पुढे तोटा त्याचाच होण्याचा संभव असतो. लसीच्या बाबतीतही 'बहुधा झाली असावी' असे धरण्यात मुलाचाच धोका आहे.

येथे आजी-आजोबांना एक शंका हटकून येते. 'आमच्या नातवाला सगळ्या लसी वेळेवर टोचल्या आहेत, मग पुन्हा कशाला?' याचे उत्तर दोन देशांच्या वेळापत्रकांत आहे. आपल्या सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस नवव्या महिन्यानंतर आणि दुसऱ्यांदा सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान देतात. तीत गालगुंडाचा अंश नसतो. इंग्लंडमध्ये गोवर, गालगुंड व रुबेला यांची एकत्रित लस देतात आणि वर्ष पूर्ण होण्यापूर्वी दिलेला डोस जमेस धरीत नाहीत. त्यामुळे आपल्याकडे 'पूर्ण' असलेले कार्ड तेथे 'अपूर्ण' ठरते. तेथे २०१५ पासून तान्ह्या मुलांना मेनिंगोकॉकस-बी या जिवाणूविरुद्धची लस देतात, ती आपल्या सरकारी कार्यक्रमात नाही. उलट, आपल्याकडे जन्मतःच दिली जाणारी बीसीजी तेथे सरसकट देत नाहीत. मात्र आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणाचा जन्म भारतासारख्या क्षयाचे प्रमाण अधिक असलेल्या देशात झाला असेल, तर इंग्लंडमध्ये जन्मलेल्या बाळास ती मिळू शकते. हे ठाऊक नसल्याने पुष्कळ कुटुंबे ती मागतच नाहीत.

अर्धवट राहिलेला क्रम पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागत नाही, जेथे थांबला तेथून पुढे नेता येतो. झालेल्या लसीचा पुरावा असेल तर तो वाया जात नाही, असा याचा अर्थ.

माझ्या परिचयातील एका कुटुंबाचे उदाहरण सांगतो. पती-पत्नी चार वर्षांच्या मुलीसह इंग्लंडला गेले. दवाखान्यातील परिचारिकेने लसींची नोंद मागितली तेव्हा आईस तारखा आठवेनात. सांगलीच्या ज्या दवाखान्यात लसी झाल्या तो दरम्यान बंद झालेला. एवढ्याशा जिवाला पुन्हा इतक्या सुया टोचणार, या कल्पनेने ती माउली रडू लागली. अखेर आजोबांनी घरातील लोखंडी कपाट उपसले. विजेच्या बिलांच्या फाइलीत मुलीचे कार्ड सापडले. तारखा होत्या, डॉक्टरांच्या सह्या होत्या आणि सुदैवाने लसींच्या कुप्यांवरील चिकटपट्ट्याही लावलेल्या होत्या. त्याचे छायाचित्र मोबाइलवरून गेले, परिचारिकेने एकेक नोंद संगणकात उतरवली आणि जे उरले तेवढेच डोस मुलीस घ्यावे लागले. त्या एका पुठ्ठ्याच्या कार्डाने मुलीचे कितीतरी टोचणे वाचले.

आता आपल्या समाजाच्या दृष्टीने नाजूक असलेल्या विषयाकडे वळतो. काही लसींत डुकरापासून मिळवलेले जिलेटिन असते. हे कळल्यावर आपली काही मंडळी लस नकोच म्हणतात, तर काही मनातल्या मनात कुढत ती घेतात. दोन्हींची आवश्यकता नाही. गोवर, गालगुंड व रुबेलाच्या तेथील दोन लसींपैकी प्रायोरिक्स या लसीत जिलेटिन नाही, एमएमआर व्हॅक्सप्रो या लसीत आहे. १ जानेवारी २०२६ पासून लहान मुलांसाठी कांजिण्यांची लसही यात जोडण्यात आली आहे. त्या चौपदरी लसीतही प्रायोरिक्स-टेट्रा जिलेटिनविरहित आणि प्रोक्वाड जिलेटिनयुक्त असे दोन प्रकार आहेत. फ्लूसाठी मुलांच्या नाकात फवारली जाणारी लस जिलेटिनयुक्त असते. पालकांनी धार्मिक कारण सांगितल्यास तिच्याऐवजी इंजेक्शन मिळते. मात्र दवाखान्यातील वेळ ठरवतानाच किंवा शाळेतून आलेल्या संमतिपत्रावर हे लिहिले पाहिजे. ऐनवेळी सांगितल्यास दुसरी लस तेथे उपलब्ध असेलच असे नाही.

पर्याय जेथे नाही, तेथे काय करावे? गोवराचा विषाणू लसीसाठी कोंबडीच्या भ्रूणाच्या पेशींवर वाढवतात. तेथील कोणत्याही प्रकारात हे टळत नाही. प्रत्येकाने आपल्या विवेकाने आणि घरातील वडीलधाऱ्यांशी, आवश्यक तर साधुसंतांशी बोलून याचा विचार करावा. माझे मत विचाराल, तर दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही पाहावे. गोवर हा हवेतून पसरणारा अतिशय संसर्गजन्य रोग आहे. वर्षाच्या आतील बाळास त्याची नियमित लस मिळत नाही. कर्करोगावर उपचार घेणाऱ्या मुलास ती देता येत नाही. या दोघांचे रक्षण भोवतालच्या लोकांनी लस घेण्यानेच होते. जानेवारी २०२४ मध्ये बर्मिंगहॅम व आसपासच्या भागात गोवराची मोठी साथ आल्याने ती राष्ट्रीय स्तरावरील घटना म्हणून जाहीर करावी लागली. त्याच वर्षी डांग्या खोकल्याने इंग्लंडमध्ये किमान दहा अर्भके दगावली. यत्नाचार म्हणजे आपल्या हालचालीने दुसऱ्या जिवास इजा न व्हावी म्हणून बाळगलेली सावधानता. ती आपल्या श्वासालाही लागू आहे, असे मला वाटते.

लस ही केवळ लहानांची बाब आहे, हाही समज सोडावा. विद्यापीठात प्रथमच जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मेनिंगोकॉकसच्या चार प्रकारांविरुद्धची लस पंचविसावा वाढदिवस होईपर्यंत मोफत मिळते. वसतिगृहात दाटीने राहणाऱ्या तरुणांत तो आजार वेगाने पसरतो आणि काही तासांत जिवावर बेततो, म्हणून ती जाण्यापूर्वी किंवा पोहोचताच घ्यावी. गरोदर सुनेला डांग्या खोकल्याची लस आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून आरएसव्ही या श्वसनविकाराची लस देतात. आईच्या शरीरातील संरक्षण बाळाला जन्मापूर्वीच मिळते. तेथे स्थायिक झालेल्या ज्येष्ठांना पासष्टाव्या वर्षापासून न्यूमोकॉकसची लस व दरवर्षी शरद ऋतूत फ्लूची लस मिळते. पासष्टी गाठणाऱ्यांना आता नागिणीचीही देतात. माझ्या वयाच्या मंडळींनी हे ध्यानात ठेवावे.

निघण्यापूर्वी करावयाची कामे थोडी आहेत. मुलांचे मातृ-बाल संरक्षण कार्ड किंवा खासगी डॉक्टरांची लसपुस्तिका शोधून काढावी. डॉक्टरांकडून लसीचे पूर्ण नाव आणि तारीख असलेला, सही-शिक्क्याचा इंग्रजी तक्ता टंकलिखित करून घ्यावा, कारण येथील हस्ताक्षर व संक्षेप तेथे वाचता येतीलच असे नाही. मोठ्यांनी आपल्या धनुर्वात, कावीळ-बी, कोविड इत्यादी लसींच्या नोंदी त्यातच जोडाव्यात. मूळ कागद हातातील बॅगेत ठेवावेत, एक प्रत मोबाइलमध्ये आणि एक येथे घरी असावी. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात बँकेचे खाते उघडाल, त्याच आठवड्यात जीपीकडे नाव नोंदवावे आणि तो तक्ता आपण होऊन परिचारिकेच्या हाती द्यावा. बाळ तेथे जन्मले तर त्याच्या आरोग्याची लाल रंगाची नोंदवही मिळते. ती पासपोर्टाइतकीच जपावी. कोणती लस घ्यावी आणि कोणती नको, हे अर्थात तेथील डॉक्टरांनीच सांगावे.

ज्या देशात काही सक्तीचे नसते, तेथे माणसाचे काम कमी होत नाही. ते त्याच्या स्वतःकडे येते. परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना आपण सणावारी दूरध्वनी करतो, जेवलास का विचारतो, मंदिरात जातेस ना असे विचारतो. या महिन्यात आणखी एक प्रश्न विचारावा : डॉक्टरांकडे नाव नोंदवलेस का, आणि कार्ड दाखवलेस का? कार्ड येथेच राहिले असेल, तर कपाट आपणच उघडायचे आहे.