आवाज नको, गेम चालेल!

रात्रीचे साडेबारा. हॉस्टेलची अख्खी विंग सामसूम. अशा वेळी एखाद्या खोलीतून सतत 'घूंऽऽ' असा आवाज येत असेल तर खुशाल समजावं, इथे एक 'गेमिंग पीसी' नांदतो आहे! मालक हेडफोन लावून लढाईत दंग. त्याला आवाज येतच नाही. तो येतो रूममेटला, ज्याचा सकाळी पेपर असतो.

मीही असाच एक मालक होतो. घरच्यांच्या मागे लागून मशीन घेतलं. भलामोठा कॅबिनेट, पुढे रंगीबेरंगी दिवे, आत स्वस्तातले चार पंखे. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते भूमला घरी नेलं. घर दोन खोल्यांचं, त्यात बहिणीचं बारावीचं वर्ष. दोन दिवस तिने सोसलं. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, तुझं विमान एकदाचं उतरव, नाहीतर मी मावशीकडे जाते अभ्यासाला." आणि खरंच गेली. माझा गेम चालावा म्हणून बहीण घराबाहेर! तेव्हा पहिल्यांदा वाटलं, आपलं काहीतरी चुकतंय.

मित्रांनो, पीसी घेताना आपण एकच प्रश्न विचारतो, "एफपीएस किती?" माझं स्पष्ट मत आहे की जो चार माणसांत राहतो त्याने आणखी तीन प्रश्न विचारलेच पाहिजेत : जागा किती, वॅट किती आणि आवाज किती?

आधी जागा. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०.५ बाय २४.४ सेंटीमीटरचा. २००१ साली तैवानच्या व्हीआयए कंपनीने मिनी-आयटीएक्स आणला, तो फक्त १७ बाय १७ चा. पण लहान म्हणजे स्वस्त, असं समजू नका! मिनी-आयटीएक्स बोर्ड आणि त्याचे नाजूक कॅबिनेट बहुधा महागच पडतात. खिसा हलका असेल तर मायक्रो-एटीएक्स बोर्ड आणि त्याच्या मापाचा लहान कॅबिनेट बरा. हॉस्टेलच्या टेबलावर मावला आणि एसटीत मांडीवर घेऊन नेता आला, की झालं.

मग वॅट. आमच्या भूमकडचा खवा प्रसिद्ध. साधारण ५ लिटर म्हशीचं दूध आटवलं की १ किलो खवा निघतो. पाणी जातं, सत्त्व राहतं. पीसीचंही तसंच करायचं. दिवे काढा, काचेचा दरवाजा काढा, गरजेपुरतं ठेवा. रायझेन ५ ५६००जी या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. तो ६५ वॅटचा, पण बायोसमध्ये ४५ वॅटवर बांधता येतो. व्हॅलोरंट, जीटीए ५ सारखे गेम सेटिंग उतरवून मजेत चालतात. फक्त रॅम घेताना १६ जीबीची एक पट्टी घेऊ नका, ८-८ च्या दोन घ्या. आतलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं, दोन पट्ट्यांनी त्याला दुप्पट रुंद रस्ता मिळतो. अगदी नवे, अवजड गेम मात्र यावर चालणार नाहीत, हे आधीच मान्य करून टाका.

आता आवाज. इथे आपलं फ्लुइड मेकॅनिक्स कामाला येतं राव! पंख्याचा वेग निम्मा केला तर हवा निम्मी होते, पण पंख्याला लागणारी शक्ती आठव्या हिश्शावर येते आणि आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो. म्हणून लहान पंखा जोरात फिरवण्यापेक्षा मोठा पंखा हळू फिरवावा. ८० मिलिमीटरपेक्षा १२० च्या पंख्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पट असतं. चार भिकार पंख्यांपेक्षा दोन चांगले बरे.

पण एक गोष्ट विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळिशीला टेकतो. या प्रोसेसरची मर्यादा ९५ अंश. एसीच्या २५ अंशांत त्याला ७० अंशांची मोकळीक मिळते, भूमच्या घरात ५५ ची. म्हणजे त्याच कूलरची ताकद पाचव्या हिश्शाने कमी! त्यामुळे कुणाचा पुठ्ठ्याएवढा चपटा पीसी पाहून भुलू नका. डबा थोडा मोठा घ्या, जाळी ठेवा आणि दर महिन्याला धूळ झटका.

याहून स्वस्त मार्ग म्हणजे ऑफिसमधून निघालेला छोटा, आडवा जुना डेस्कटॉप. त्यात अर्ध्या उंचीचं ग्राफिक्स कार्ड बसवायचं. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५०, ६ जीबीवालं, ७० वॅटचं आहे आणि त्याची अर्ध्या उंचीची मॉडेल्सही मिळतात. ते बोर्डाच्या स्लॉटमधूनच वीज घेतं. मात्र तुमच्या मशीनचा स्लॉट आणि पॉवर सप्लाय तेवढं देतात का, हे आधी तपासा. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, तेव्हापासून तर हा जुना डबा मला जास्तच शहाणपणाचा वाटतो.

"एवढा खटाटोप कशाला, लॅपटॉप घे की!" असं मित्र म्हणतात. घ्या. पण गेमिंग लॅपटॉपचे चिमुकले पंखे कसे किंचाळतात ते एकदा ऐका. आणि उद्या काही बिघडलं तर पीसीचा तेवढाच भाग बदलता येतो.

सरांना आणि रेक्टरसाहेबांनाही एक विनंती. पीसी म्हणजे पोरगं वाया गेलं, असं लगेच ठरवू नका. एखाद्या शनिवारी लॅबमध्ये आमची मशीन्स उघडू द्या. वॅट, तापमान, आवाज मोजू द्या. ज्याच्या मशीनचा त्रास होतो त्याला जरूर टोका, पण मोजून टोका!

माझं जुनं मशीन विकून मी यंदा छोटं जुळवलं. दिवाळीत ते भूमला नेलं. बहीण त्याच खोलीत पुस्तक घेऊन बसली होती. अर्ध्या तासाने मान वर करून म्हणाली, "आज खेळत नाहीस का रे?"

मी खेळतच होतो.